बिराजदार सरांच्या चिठ्ठ्या

आमच्या स्टाफरूममध्ये समोसे आले की बिराजदार सर आधी खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढायचे. त्याचे सारखे तुकडे करायचे, प्रत्येकावर एकेकाचं नाव लिहायचे, बारीक घड्या घालायचे आणि स्टीलच्या ग्लासात टाकून हलवायचे. समोसे सगळ्यांना पुरणार असले तरी हा विधी चुकायचा नाही, कारण प्रश्न समोशांचा नसून खिडकीशेजारच्या खुर्चीचा असायचा. लातूरच्या उन्हाळ्यात कूलरचा वारा लागणारी तेवढी एकच खुर्ची होती. फिजिक्सचे सर तिच्यावर वर्षानुवर्षं बसत आले होते आणि ती आपल्याला पगाराबरोबर मिळालेली आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

बिराजदार सर नवीन आले त्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "ही जागा तुमची, हे कुनी ठरवलं, सर?" सूर भांडणाचा नव्हता. रस्ता विचारावा तसं विचारलं. फिजिक्सच्या सरांनी इकडेतिकडे पाहिलं, आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता येईना. मग चिठ्ठ्या पडल्या आणि खुर्ची निघाली माझ्या नावावर. अर्ध्या तासात मी ती फिजिक्सच्या सरांना परत देऊन टाकली, कारण त्यांचं पडलेलं तोंड माझ्याच्यानं बघवेना. माझ्या नावाची चिठ्ठी टेबलावर पडली होती, ती बिराजदार सरांनी उचलून खिशात ठेवली.

मी नांदेडची. लातूरच्या एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये बॉटनी शिकवते. आठवडाभर लातूरला खोली करून राहायचं आणि रविवारी आईकडे नांदेडला जायचं, हे माझं बरीच वर्षं चाललेलं आहे. लातूरचा तो भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते: गल्लीगल्लीत वसतिगृहं, मेसचे डबे, झेरॉक्सची दुकानं, आणि चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे माणसापेक्षा मोठे फोटो. भूकंपानंतर लातूरचं नाव जगाला कळलं ते दुःखानं. मग शहरानं असं काही मनावर घेतलं की आता ते मार्कांनीच कळतं. अशा गावात इतिहासाचा मास्तर म्हणजे लग्नात आलेला अनोळखी पाहुणा. जेव म्हणतात, पण कुणाकडचा ते कुणी विचारत नाही.

काशिनाथ बिराजदार निलंग्याच्या एका हायस्कुलातून रिटायर झाले होते. बुटके, सावळे, पांढऱ्या शर्टाची बाही दोन घड्या वर, खांद्यावर कायम एक पंचा. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायचे आणि स्टाफरूममध्ये पाय ठेवला की निलंग्याची भाषा. आमच्या डायरेक्टर सरांनी नववीच्या मुलांसाठी स्पर्धा परीक्षेची 'फाउंडेशन बॅच' काढली, तिच्या माहितीपत्रकात इतिहास छापला गेला होता, आणि छापलं म्हणून एक माणूस ठेवणं भाग होतं. आठवड्याला एक तास. तोही शनिवारचा शेवटचा, म्हणजे पोरांच्या डोक्यात रविवारची टेस्ट वाजायला लागलेली असताना.

त्या टेस्टबद्दल सांगितलं पाहिजे. दर रविवारी परीक्षा, सोमवारी सकाळी नंबर भिंतीवर, आणि नंबराप्रमाणे बाक. पहिला नंबर पहिल्या बाकावर, फळ्याच्या बरोबर समोर. शेवटचा मागे, दाराजवळ, चपलांपाशी. सोमवारी प्रार्थना झाली की पोरं न सांगता आपापली दप्तरं उचलून नव्या जागी जायची. गोंगाट नाही, कुरकुर नाही. पालक ते बघायला मुद्दाम यायचे आणि शिस्तीचं कौतुक करायचे. आम्हा शिकवणाऱ्यांनाही ते सोयीचं होतं. बाकाकडे पाहिलं की पोराचं नाव माहीत नसलं तरी त्याची लायकी कळायची. लायकी हा शब्द आमचाच, आम्ही तो सहज वापरायचो.

बिराजदार सरांचा तास मी एकदा दारात उभी राहून ऐकला. फळ्यावर काहीच नव्हतं. "हे पीक इथेच येतं, ही वेस इथेच आहे, हा रस्ता इथूनच जातो," ते म्हणाले, "असं तुमच्या गावात जे जे पहिल्यापासून आहे म्हणतात, त्याला एकच विचारायचं. कुणी ठरवलं? एवढं आलं की तुमचा इतिहास झाला." श्रुती नावाची मुलगी, तेव्हा सलग पहिली येणारी, हात वर करून म्हणाली, "सर, यावर प्रश्न किती मार्कांचा येतो?" सर हसले. "ते मात्र पेपर काढणाऱ्यानं ठरवलंय, बाळा."

त्या वर्षी डायरेक्टर सरांनी जाहीर केलं की फाउंडेशन बॅचमधली निवडक मुलं परदेशी शैक्षणिक सहलीला जाणार. अमेरिका परवडणारी नव्हती, दुबईत शैक्षणिक काय ते पालकांना पटेना. ट्रॅव्हलवाल्याकडे दक्षिण आफ्रिकेचं पॅकेज होतं: जंगलातले सिंह, समुद्र आणि जोहान्सबर्गमधलं वर्णभेदाच्या इतिहासाचं संग्रहालय. त्या संग्रहालयामुळे सहल शैक्षणिक झाली आणि इतिहासाचा मास्तर बरोबर नेणं शोभून दिसेल असं ठरलं. मुली होत्या म्हणून एक बाई हवी, ती मी. पासपोर्टसाठी सरांच्या गावी पोलीस चौकशीला गेला तो त्यांच्या भावाच्या घरी चहा पिऊन परत आला. सरांचं घर त्याला कुणी दाखवलंच नाही. सर म्हणाले, "बिराजदारांची घरं हिकडं म्हनल्यावर त्यो तिकडं कशाला जाईल." तेव्हा मला याचा अर्थ कळला नव्हता.

जायच्या आधी सरांनी जादा तास घेतले. काळ्यांचे बाक वेगळे, गोऱ्यांचे वेगळे. बस वेगळी, समुद्राचा किनारा वेगळा, मरायची दवाखान्यातली खाटसुद्धा वेगळी, हे त्यांनी इतकं जीव ओतून सांगितलं की नेहमी मागे बसणारा ओंकार चपलांतून उठून मधल्या रांगेत येऊन बसला. तास संपल्यावर तो आपला परत मागे गेला. सरांना मी इतक्या उत्साहात पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. स्वेटर घ्यायला माझ्याबरोबर गंजगोलाईच्या बाजारात आले आणि दुकानदाराला सांगत बसले की आम्ही आफ्रिकेला चाललोय.

त्या संग्रहालयात शिरण्याची एक रीत आहे. तिकिटं सारखी नसतात. काहींवर 'गोरे' असं असतं, काहींवर 'बिगर-गोरे', आणि कुणाच्या हातात कुठलं पडेल याला काही हिशेब नाही. दारंही दोन. ज्याचं जसं तिकीट तसं त्यानं आत जायचं, म्हणजे तेव्हाच्या माणसांना काय वाटत असेल ते थोडं तरी कळेल. हे आमच्या गाईड बाईंनी सांगितलं. उंच, पिकल्या केसांच्या बाई, त्याच शहराच्या कडेच्या वस्तीत वाढलेल्या. मी मराठीत सांगितलं तेव्हा सरांचा चेहरा उजळला. "म्हंजे हितंबी चिठ्ठ्या हायेत की, मॅडम." आपलं तिकीट त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. बिगर-गोरे निघालं होतं. ते शर्टाच्या खिशात घालतात तोच श्रुती आली. सहलीत सगळ्यांची तिकिटं गोळा करून सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. सरांनी तिकीट तिला दिलं.

आम्ही दोघं गाईड बाईंशी बोलत होतो. मागे वळून पाहिलं तर पोरं एका रांगेत उभी होती आणि श्रुती तिकिटं वाटत होती. आधी आम्हा दोघांना गोरे. मग स्वतःला गोरे. मग नंबराप्रमाणे खाली खाली, गोरे संपेपर्यंत. त्यानंतर बिगर-गोरे, ते ओंकारपर्यंत. कुणी हूं की चूं केलं नाही. ओंकारच्या हातात मुळात गोरं तिकीट पडलं होतं, ते त्यानं आपणहून पुढे केलेलं मी नंतर ऐकलं. श्रुती आमच्याकडे आली आणि काम चोख केल्याच्या आनंदात म्हणाली, "सर, त्यांनी तिकिटं कशीही दिली होती. आम्ही नीट करून घेतली."

सर आता रागावतील असं मला वाटलं, पण रागावण्याइतकं बळ त्यांच्यात दिसत नव्हतं. ते हळूहळू चालत रांगेच्या शेवटाला गेले आणि ओंकारला म्हणाले, "माझी चिठ्ठी तुझ्याकडे आलीय बघ. ती मला परत दे."

"सर, पण ही खालची आहे," ओंकार म्हणाला.

"जी पडली ती माझी."

ओंकारनं तिकीट दिलं. सरांचं गोरं तिकीट आता त्याच्या हातात आलं, तर तो क्षणभर अवघडून उभा राहिला आणि मग पळत जाऊन ते वेदांतला देऊन आला, कारण वेदांतचं गोरं अगदी एका नंबरानं हुकलं होतं. वेदांतनं आपलं त्याला दिलं. सगळं पुन्हा जागच्या जागी आलं. गाईड बाईंनी मला विचारलं, मुलं काय करतायत? मला इंग्रजीत सांगता येईना. खरं म्हणजे मराठीतही आलं नसतं.

आत दोन्ही वाटांच्या मधे जाळी आहे. मी गोऱ्यांच्या वाटेनं चालले होते आणि जाळीतून पलीकडे सर आणि ओंकार दिसत होते. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "ओंकार," त्यांनी विचारलं, "आज कोणी कुठून जायचं, हे कुणी ठरवलं?"

ओंकारनं खरोखर विचार केला. "कुणीच नाही सर," तो म्हणाला. "ते असंच असतं."

पुढे गाईड बाईंनी सांगितलं की एखाद्या माणसाबद्दल शंका असली तर त्याच्या केसांत पेन्सिल खोवून पाहायचे. पडली तर गोरा, अडकून राहिली तर नाही. श्रुतीनं वही काढली आणि विचारलं, "म्हणजे ज्यांची पडली ते पास?" बाई शांतपणे म्हणाल्या, हो, तसं म्हणता येईल. श्रुतीनं लिहून घेतलं. ती वाईट मुलगी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. संग्रहालयातले फोटो बघून सगळ्यांत जास्त तीच रडली होती.

दुपारी पोरं डबे खात होती आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. सरांनी डबा उघडला नव्हता. मी म्हटलं, लहान आहेत, मनावर घेऊ नका. त्यावर ते एकदम बोलायला लागले. इतकं सलग बोललेले मी त्यांना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

"भूकंप झाला तवा मी नांदेडला व्हतो. शिक्षकांचं शिबिर व्हतं. गावात पोचलो तवा आई आन् बायको, दोघीबी गेल्या व्हत्या. ते ऱ्हाऊ द्या. पुढचं सांगतो. पत्र्याच्या शेडमधी समदं गाव एका रांगेत ऱ्हायलं, मॅडम. ज्याला जे शेड मिळालं ते. एका हौदाचं पानी, एका चुलीचा सैपाक. कुनाच्या शेजारी कोन, हे बगायला कुनाला सवड न्हवती. मला वाटलं, एवढं गेलं, पन हे एक तरी झालं. मग नवं गाव बांधायचं निघालं. मी म्हनलो, पिलॉट चिठ्ठ्या टाकून द्या. सायबाला पटलं. लोकांनी टाळ्या वाजिवल्या. शाळेच्या अंगनात घागर ठिवली आन् एका लहान पोरीनं चिठ्ठ्या काढल्या. त्या दिशी मी हसलो व्हतो. बायको गेल्यावर पयल्यांदा."

"मग?"

"मग आठ दिसांत ज्यानं त्यानं बदलून घेतली. ह्याचा पिलॉट त्याला, त्याचा ह्याला. जुनं गाव जसंच्या तसं उभं. पान्याच्या टाकीच्या हिकडं आमी, तिकडं दलित वस्ती. कुनी भांडलं न्हाई, कुनी आवाज चढिवला न्हाई. लई प्रेमानं झालं."

"तुम्ही नाही बदललीत."

"न्हाई. माझी टाकीच्या तिकडं निघाली व्हती. आप्पा म्हनला, बदल. आप्पा म्हंजे थोरला भाऊ. शेजारी नामदेव कांबळेचा पिलॉट, त्योबी म्हनला, सर, बदला, माझा भाऊ हितं येईल, तुमालाबी बरं आन् आमालाबी. मी कुनाचंच ऐकलं न्हाई. आप्पाचं घर तवापासून बंद झालं मला." मग ते म्हणाले, "कधी कधी वाटतं, नामदेवाचं तरी ऐकायला पायजे व्हतं."

समोर पोरं फोटो काढत होती. उंचीचा विचार न करता, नंबराप्रमाणे उभी राहून.

"मोठ्यांचं मी सोडून दिलं व्हतं," सर म्हणाले. "म्हनायचो, त्यांना सवय हाय. पोरं येगळी निघतील. म्हनून तर इतकी वर्सं शिकवत ऱ्हायलो. एकदा, मॅडम, एकदा तरी पडलेली चिठ्ठी तशीच ऱ्हायलेली बगायची हाय मला. मग गेलो तरी चालंल." मला त्यांचा हात धरावासा वाटला. आपल्याकडे तसं कुणी धरत नाही, म्हणून मी त्यांचा डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

परत आल्यावर सरांनी डायरेक्टर सरांकडे एकच मागणी केली: माझ्या तासाला मुलांनी चिठ्ठ्या टाकून बसायचं. डायरेक्टर सर हसले आणि हो म्हणाले, इतिहासाच्या तासाला पोरं छपरावर बसली तरी त्यांचं काही बिघडत नव्हतं. दोन शनिवार तसं झालं. ओंकार पहिल्या बाकावर आला आणि फळ्याकडे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं असं म्हणाला. श्रुती चपलांपाशी बसली, पण तिनं तक्रार केली नाही. तक्रार तिच्या वडिलांनी केली. मग आणखी चार पालक आले, अतिशय नम्रपणे. एक तासानं काय होतं, साहेब, पण मुलीच्या मनावर परिणाम होतो. पुढच्या सत्रात फाउंडेशनच्या माहितीपत्रकात इतिहास छापलाच नाही.

निरोप समारंभ मोठा झाला. शाल, श्रीफळ, डायरेक्टर सरांचं डोळ्यांत पाणी आणून केलेलं भाषण. सर माझ्या कानाशी म्हणाले, "बगा, हितंबी कुनी भांडलं न्हाई." मग त्यांनी खिशातून तिकीट काढलं आणि नारळ कुणाला द्यायचा त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. निघाली माझी. फिजिक्सचे सर गमतीनं म्हणाले, मॅडम, मला द्या, आमच्याकडे उद्या कार्यक्रम आहे. मी दिला नाही. नांदेडपर्यंत मांडीवर घेऊन गेले आणि आईनं त्याची चटणी केली. या बाबतीत माझी सुधारणा एवढीच.

नंतर ते रविवारी फोन करायचे. "बऱ्या हाव का, मॅडम?" एवढं विचारायचे आणि मग बोलायला काही नसायचं. पाऊस, बस, कूलरची खुर्ची सध्या कुणाकडे, असं काहीतरी. फोन ठेवायची घाई मात्र ते कधी करायचे नाहीत. एकदा मी त्यांच्या गावी गेले. टाकीच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा, अंगणात एक पेरूचं झाड. त्यांच्या घराण्यातलं कुणी तिकडे फिरकत नव्हतं. शेजारी नामदेवराव आणि त्यांची बायको सखूबाई त्यांना फार मानायची, पण मानायची म्हणजे काय, तर त्यांच्या ओट्यावर बसायची नाहीत. खाली अंगणात उभं राहून बोलायची. सर वर, एकटे.

सखूबाईंनी चहा आणला. त्यांच्या घरात सगळे स्टीलच्या ग्लासातून प्यायचे, सरांसाठी मात्र एक कप आणून ठेवलेला होता. पांढराशुभ्र, सोनेरी काठाचा, नाजूक. त्या दिवशी तो मला मिळायचा होता, पण सरांनी चिठ्ठी न टाकताच मला ग्लास दिला आणि कप स्वतः घेतला. मला नवल वाटलं. पंच्याचं टोक गुंडाळून त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. सखूबाई आत गेल्यावर म्हणाले, "भूकंपानंतर घेतला त्यांनी. माझ्यासाठी. दुसऱ्या कुनाचं तोंड लागू देत न्हाईत." मग कपाकडे बघत हसले. "माझा कप येगळाच ऱ्हायला, मॅडम. निस्ता चांगला हाय."

पुढच्या वर्षी हिवाळ्यात ते गेले. सकाळी ओट्यावर बसल्या जागी. मला कळलं तोवर माती होऊन गेली होती, म्हणून मी रविवारी भेटायला गेले. बसमधून उतरले तर "बिराजदार सरांकडं का?" म्हणत एका पोरानं मला थेट आप्पांच्या दारात नेऊन सोडलं.

आप्पा थकलेले, सरांसारखेच बुटके. रडले. भाऊ गेल्याचं दुःख खोटं नव्हतं. म्हणाले, कळल्याबरोबर आम्ही त्याला इकडे आणलं, अंघोळ घातली, इथूनच नेलं, आपल्या माणसांच्या शेजारी माती दिली. "आन् त्या घराची किल्ली नामदेवाच्या भावाला देऊन टाकली. कवाचा मागत व्हता. म्हनलं, जा बाबा, ऱ्हा भावाशेजारी." डोळे पुसून ते म्हणाले, "आता समदं नीट झालं बगा."

मी नमस्कार करून उठले आणि टाकीच्या पलीकडे गेले. सरांच्या घरात नामदेवरावांच्या भावाचं सामान लागत होतं. नामदेवराव मला बघून उभे राहिले. म्हणाले, "सर हितं ऱ्हायले, मॅडम, पन आमच्यातले झाले न्हाईत. आमीच होऊ दिलं न्हाई का काय, कळत न्हाई. भाऊ शेजारी यावा असं मलाबी वाटायचं. आता आला, तर ओटा रिकामा दिसतो."

आम्ही तिघं त्या ओट्यावर बसलो. नामदेवराव, त्यांचा भाऊ आणि मी. दाराशी चहा घेऊन सखूबाई. तीन ग्लास आणि तो सोनेरी काठाचा कप. सखूबाईंनी कप माझ्यापुढे केला. मी हात पुढे करणार एवढ्यात नामदेवराव म्हणाले, "थांब. सर असते तर चिठ्ठी टाकली असती." त्यांनी माझ्याकडे बसचं तिकीट मागितलं. त्याचे चार तुकडे केले, आठवून आठवून नावं लिहिली, रिकाम्या लोट्यात घालून हलवली आणि भावाला काढायला सांगितली.

चिठ्ठी सखूबाईंची निघाली.

"मला कशाला," ती म्हणाली. "मॅडमला द्या. पाव्हन्या हायेत." आणि कप माझ्याकडे सरकवला.

"चिठ्ठी बदलायची न्हाई," नामदेवराव म्हणाले.

सखूबाई गोंधळली. तिनं आम्हा तिघांकडे पाहिलं. मग पदर सावरून ती उंबऱ्यावर टेकली आणि इतकी वर्षं जो घासून फळीवर ठेवत आली तो कप तिनं पहिल्यांदा प्यायला उचलला. त्याच्या कानात तिचं बोट शिरेना. दुसऱ्या बोटानं पाहिलं, तेही शिरेना. शेवटी तिनं तो तसाच पोटाला धरला, एक घोट घेतला आणि झटकन खाली ठेवला. बोटं फुंकली. मग त्या कपाकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"चटके बसतात की हो ह्यानं," ती म्हणाली. "सर कधी बोलले न्हाईत."